हसवणुकीचा इजारा

विनोदी नट म्हटला की तो व्यवहारात भोळा, पैशाच्या बाबतीत निष्काळजी आणि उतारवयात विपन्न असायचाच, अशी एक समजूत आपल्या रसिकवर्गात रूढ आहे. परंतु मराठी करमणुकीचा इतिहास किंचित निरखून पाहिला, तर तिला फारसा आधार सापडत नाही. वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा चिमुकला चित्रपट दाखवून दादासाहेब फाळक्यांनी सावकाराला राजी केले, तेव्हाच या धंद्याचा पाया नमुना दाखवून भांडवल उभारण्यावर घातला गेला. पुढे दादा कोंडक्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’च्या प्रयोगांतून प्रेक्षकाची नाडी पारखली आणि 1971 साली ‘सोंगाड्या’ स्वतःच्या जोखमीवर काढला. आणि 1985च्या ‘धूमधडाका’त महेश कोठाऱ्यांनी चित्रपट काढण्याच्या ध्यासाने झपाटलेला लक्ष्या उभा केला, म्हणजे निर्माता स्वतःच्याच धंद्याची थट्टा विकू लागला.

हीच परंपरा आज मुंबईत साकीनाक्यास पाहावयास मिळते. चांदिवली स्टुडिओमुळे चित्रीकरण या भागाला नवे नाही. नवा आहे तो पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या कामाला खेटून असलेला, यूट्यूबवरील विनोदी व्हिडिओंसाठी अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेला गाळा. भिंतींना फोमचे तुकडे चिकटवलेले, दिवे भाड्याचे, आणि दिग्दर्शकाने ‘अ‍ॅक्शन’ म्हणावे तोच डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारे विमान. त्याचा आवाज विरेपर्यंत नट चेहऱ्यावरचा वैताग तसाच धरून उभा राहतो. विमान गेले की शेजारच्या गाळ्यातील प्रेसचा ठोका सुरू होतो. जेवणाच्या सुटीत तोच नट वडापावचे आणि टेम्पोभाड्याचे पैसे वहीत मांडतो. विनोद हा कष्टाचा धंदा आहे, हे येथे कोणास पटवून द्यावे लागत नाही.

येथवर सारे कौतुकास्पद आहे. प्रश्न पुढचा आहे, आणि तो मालकीचा आहे. यूट्यूबवर 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तासांचे प्रेक्षण जमले, की मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील 55 टक्के हिस्सा निर्मात्याच्या पदरी पडतो. वाटणी म्हणून ती वावगी नाही. परंतु कोणता व्हिडिओ कोणापुढे ठेवावा याची मुखत्यारी सर्वस्वी कंपनीकडे, आणि तिचे फर्मान निघते कसे हे बाहेरच्यास कळत नाही. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने ‘सोंगाड्या’ला दार बंद केले, तेव्हा कोंडके बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले आणि दार उघडले. तो मार्ग सर्वांस रुचेल असे नाही, मलाही रुचत नाही. पण दाराला पत्ता होता आणि मालकाला चेहरा होता, एवढे खरे. आज एखाद्या चॅनलचे प्रेक्षक अकस्मात घटले, तर दाद मागावी कोणत्या दप्तरात?

या पराधीनतेची किंमत विनोदालाही मोजावी लागते. पहिल्या काही क्षणांत प्रेक्षक अडकला पाहिजे, या धाकापोटी विनोदाची पूर्वतयारी, ज्या संथ बांधणीवर ‘अशी ही बनवाबनवी’ उभा आहे, तीच आधी छाटली जाते. आणि उत्पन्नाचा मोठा भाग प्रायोजकाकडून येत असल्याने, सासूसुनेच्या भांडणात मध्येच तेलाची बाटली हातात येते. (ती बाटली कधीकधी संवादापेक्षा चांगला अभिनय करते, ही गोष्ट वेगळी.)

यावर तोडगा नाही असे नव्हे. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी 2016 साली सुरू केलेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब चॅनलने व्हिडिओवर लोकप्रियता मिळवली, तरी मराठी स्टँडअपचे तिकीट लावून कार्यक्रमही केले, म्हणजे फिरून तो कोंडक्यांचाच रंगमंच, जेथे प्रेक्षक आणि विनोदकार यांच्यामध्ये तिसऱ्याची सनद लागत नाही. माझ्या मते खरा उद्योग तोच. बाकी पुष्कळसे कुळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसणे आहे. तेव्हा वाचकांस विनंती एवढीच, की ज्यांच्या विनोदावर आपण घरबसल्या फुकट हसतो, त्यांचा प्रयोग आपल्या गावच्या नाट्यगृहात लागला, तर पास न मागता तिकीट काढून जावे.