संकल्पाविना झालेलं तळं

नाशिकच्या खाली, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी १९११च्या सुमारास एक बंधारा पुरा झाला. पाणी अडवायचं आणि कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडच्या शेतांना पोचवायचं, एवढाच त्याचा हेतू. पक्ष्यांचा विचार कुणाच्या मनात असण्याचं कारणच नव्हतं. पण अडलेलं पाणी गाळ खाली टाकतं. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पात्र उथळ झालं, बेटं आणि दलदल तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. मग चमचे, चित्रबलाक, थापट्या, तलवार बदकं, हिवाळ्यात चक्रवाक आणि क्रौंच असे पाहुणे येऊ लागले. १९८६ साली नांदूर मधमेश्वर अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये चौदाशेहून अधिक हेक्टरची ही पाणथळ जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरली. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या कराराच्या यादीत इंग्रजी अमदानीतला एक पाटबंधारा जाऊन बसला, आणि तोही स्वतःच्या दोषामुळे, कारण इंजिनिअरच्या वहीत गाळ हा दोषच असतो. चमच्याला मात्र तोच गाळ हवा. खोल पाण्यात त्याची चोच काय चाळणार? इथे एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. जे घर बांधायचं कुणाच्या मनातही नव्हतं, त्या घराचं काही देणं बांधणाऱ्यावर आणि त्याचा लाभ घेणाऱ्यावर येतं का?

पहिलं उत्तर सोपं वाटतं : नाही येत. आपल्याकडे धर्मकृत्याची सुरुवात संकल्पाने होते. यजमान हातात पाणी घेऊन देश, काळ, नाव, गोत्र आणि हेतू सांगतो; आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, हेही या भागात त्याच संकल्पात उच्चारलं जातं. हेतू नसेल तर कृत्य पुरं होत नाही. बौद्ध विचाराने तर चेतनेलाच कर्म म्हटलं. या मापाने बंधारा बांधणाऱ्यांच्या पदरी पक्ष्यांचं पुण्य पडत नाही, आणि ते योग्यच आहे. पण म्हणून हिशेब तिथे संपतो असं नाही, कारण पुण्य आणि ऋण यांचे नियम वेगळे आहेत. पुण्याला संकल्प लागतो, ऋणाला लागत नाही. शतपथ ब्राह्मणात माणूस ऋण घेऊनच जन्मतो असं म्हटलं आहे. जन्माला येताना कुणी कर्जरोख्यावर सही केलेली नसते. मनुस्मृतीतली पंचसूनांची कल्पना याहून नेमकी आहे. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही घरातली पाच हत्यास्थानं. गृहिणीच्या मनात कुणाला मारायचं नसतं, तरी या पाच ठिकाणी जीव चिरडले जातात. त्याची फेड म्हणून रोजचे पाच महायज्ञ सांगितले आणि त्यांत भूतयज्ञ, म्हणजे इतर प्राण्यांसाठी काढून ठेवायचा घास, आवर्जून घातला. मनुस्मृतीतलं पुष्कळ काही आज टाकून द्यावं लागतं. ही एक ओळख मात्र जपून ठेवण्यासारखी आहे. मारण्याचा हेतू नव्हता, ही सबब तिथे चालत नाही. धरण ही तर पाच सूनांतली शेवटचीच, फार मोठी केलेली पाण्याची घागर आहे.

यावर कुणी म्हणेल की घागरीखाली जीव मरतात, इथे तर उलट आसरा मिळाला. मग फेडायचं काय? पण नदीचं वाहणं अडवून आपण तिच्यावर अवलंबून असलेल्यांची जुनी सोय मोडली आणि नकळत दुसरी मांडली. ज्याने पाण्याची पातळी आपल्या दरवाजांच्या हाती घेतली, त्याला ‘पुढचं निसर्ग बघेल’ असं म्हणता येत नाही. ऐन विणीच्या दिवसांत पाणी सोडायचं की राखायचं, हे तिथे ढग ठरवत नाहीत, कालव्याचं आवर्तन ठरवतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. जे माणसाने केलं ते निसर्ग कसं? कृत्रिम तळ्याला अभयारण्य म्हणणं म्हणजे कागदी फुलांना पाणी घालणं नव्हे का? या आक्षेपात निसर्ग म्हणजे माणसाचा हात न लागलेलं काही, असं गृहीत धरलेलं आहे. सांख्यांची प्रकृती तशी नाही. त्यांच्या मांडणीत बुद्धी आणि अहंकार हेसुद्धा प्रकृतीचेच विकार; बंधाऱ्याचा नकाशा काढणारं डोकं प्रकृतीच्या बाहेर उभं राहून काम करत नाही. जगभरचा अनुभवही हेच सांगतो. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, सोम नदीच्या मुखापाशी, मार्कांतेर नावाचं पक्षी-उद्यान आहे. तिथली जमीन बांध घालून समुद्राकडून घेतलेली. तिच्यावर फुलांचे कंद लावण्याचा उद्योग झाला आणि १९७३ पासून ती पक्ष्यांसाठी उघडली. दक्षिणेला ऱ्होन नदीच्या त्रिभुजातला कामार्ग तर बांध, भातशेती आणि मिठागरं यांच्यासकट रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे जाणारा प्रवासी ज्याला रानटी म्हणून डोळे भरून पाहतो, त्याच्या खालून पंप आणि झडपा चालू असतात. त्याने पक्षी खोटे होत नाहीत. चक्रवाकाला कवींनी विरहाचं काम दिलं, पण पाणी कुणी अडवलं याची चौकशी त्याच्याकडे सोपवलेली नाही.

खरी अडचण तिसरी. ऋण आहे हे मान्य केलं तरी ते कुणी फेडायचं? गाळ काढला तर साठा वाढेल, शेताला पाणी मिळेल, पुराचा फुगवटाही उतरेल असं काठचा शेतकरी म्हणतो. सायखेडा-चांदोरीत गोदेचं पाणी शिरतं तेव्हा त्याचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. पक्षी उभ्या पिकात उतरतात तेही त्याच्याच. महाभारताच्या वनपर्वात कपोत आणि ससाण्याची गोष्ट एकदा उशीनराच्या आणि एकदा शिबीच्या नावावर येते. तिचं कीर्तनी रूप आपण राजाच्या दयेपाशी थांबवतो, पण तिच्यातला ससाणा विसरण्यासारखा नाही. तो राजाला विचारतो की शरणागताला वाचवताना माझं अन्न तू काढून घेतोस, माझी बायकापोरं उपाशी मरतील, हा कुठला धर्म? राजा त्याला खोटं पाडत नाही. तो तराजू मागवतो आणि स्वतःच्या मांडीचं मांस कापून पारड्यात टाकतो. कपोताचं पारडं जड होतच जातं, तेव्हा शेवटी स्वतःच चढून बसतो. अभय त्याने दिलं होतं, म्हणून मांसही त्याचंच.

नांदूर मधमेश्वरला अभय देणारा राजा कोण, हे मग शोधावं लागतं. दलदल राखण्याचा खर्च खानगाव थडी किंवा चापडगावच्या शेतकऱ्याने बुडालेल्या पिकातून द्यावा, असं म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या मांडीला सुरी लावणं. वर नाशिकमध्ये रामकुंडावर ज्या पाण्यात अस्थी सोडल्या जातात, तेच पाणी शहराचं सांडपाणी पोटात घेऊन खाली येतं, आणि त्या खतावर पानवेली फोफावत बंधाऱ्याच्या तोंडाशी येऊन अडकतात. येत्या सिंहस्थासाठी घाटांचे आराखडे होत आहेत. त्या हिशेबात सांडपाणी पुरतं शुद्ध करूनच खाली सोडणं, पानवेली काढणं आणि काठच्या पिकांची भरपाई ही तीन कलमं कुणाच्या खात्यावर टाकायची, हे ठरायचं आहे. तराजू नाशिकच्या घाटावर मांडलेला आहे आणि दुसऱ्या पारड्यात चमचा बसला आहे.