मूळचे

जुन्या वस्तूवर प्रेम करणे वेगळे आणि तिच्याविषयी खरे बोलणे वेगळे, हे आम्हांला कळावयास एक कंडेन्सर नादुरुस्त व्हावा लागला. वस्तू अंगठ्याएवढी, किंमत किरकोळ. परंतु तिने आमच्या मनात जो प्रश्न उभा केला तो पापनिवेदनापर्यंत जाऊन पोहोचला.

सालवड येथील आमच्या घराच्या पडवीत वडिलांची जावा मोटारसायकल उभी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून या गाड्या तयार होऊ लागल्या, पुढे त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. आमची गाडी साठच्या दशकातील. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस लागले तेव्हा, 1976 साली, त्यांनी ती दुसऱ्याच्या हातून घेतली. ज्या दांड्याने किक मारावयाची तोच वळवून गिअरचा दांडा करावयाचा, ही तिची गंमत मुलांना आजही जादूसारखी वाटते. पाळी सुटल्यावर वडील तिच्यावरून घरी येत, रविवारी आईला घेऊन मिस्साला जात, आणि रात्री-अपरात्री कोणी दार ठोठावले तर आजाऱ्याला पाठीमागे बसवून दवाखाना गाठत. ते गेल्यानंतर गाडीतील काहीही बदलावयाचे नाही, असा आम्ही जणू नवसच केला.

येथे थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे. या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. एवढ्याशा दाबाने प्लगच्या टोकांमधील फट ओलांडून ठिणगी पडणे शक्य नाही. तिला हजारो व्होल्ट लागतात. म्हणून उजव्या बाजूच्या झाकणाखाली पॉइंट असतात. ते मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो, ते उघडताच तो एकाएकी तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्यातून कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात उच्च दाब निर्माण होतो. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या सुमारास मोटारींसाठी ही पद्धत रूढ केली. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी उडू लागली तर प्रवाह झटकन तुटत नाही आणि पॉइंटही जळतात. ते होऊ नये म्हणून कंडेन्सर तो धक्का क्षणभर आपल्या पोटात घेतो. जुन्या कंडेन्सरमध्ये धातूचा वर्ख आणि कागद यांची गुंडाळी असते. उष्णतेने व दमट हवेने कागद कमजोर होतो, आणि आमच्याकडे एका बाजूला समुद्र आणि डोक्यावर चार महिने पाऊस. अशी गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू होते, तापली की मिस मारू लागते आणि मग मुकाट्याने बंद पडते. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू! त्यामुळे दोष आहे हे मान्य करावयासच माणूस तयार होत नाही.

आम्हीही झालो नाही. धाकटे बंधू म्हणत होते की पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवावा. निदान कंडेन्सर तरी आजचा, प्लास्टिकच्या पापुद्र्याचा घालावा. आम्ही मात्र मुंबईत हिंडून त्या काळातील, डबीचे सीलही न फोडलेला एक कंडेन्सर शोधून आणला. न वापरलेला, म्हणजे नवा, असा आमचा हिशेब. पण कागदाला वापराची वाट पाहावी लागत नाही. तो डबीत पडल्या पडल्याही म्हातारा होतो. शुभवर्तमानातील तो सेवक धन्याने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवतो आणि जसेच्या तसे परत करतो. निदान त्याचे नाणे तरी शाबूत राहिले होते. आमचे तेवढेही राहिले नव्हते.

आणि मग ती रात्र आली. शेजारच्या मावशींना पहाटेच्या गाडीने आजारी बहिणीकडे जावयाचे होते. पाऊस कोसळत होता, रिक्षा मिळत नव्हती. वडील असते तर जे केले असते तेच आम्ही केले. बोईसर स्टेशनच्या अलीकडे इंजिन तापले आणि गाडी बंद पडली. आम्ही झाकण उघडून, हातरुमालाने पॉइंट पुसून किकवर किक मारीत राहिलो. छत्रीखाली उभ्या असलेल्या मावशी एकदाही रागावल्या नाहीत. गाडी गेल्याची शिटी आम्ही दोघांनीही ऐकली. त्या पुढच्या गाडीने गेल्या. बहीण त्यांना भेटली, हे परमेश्वराचे उपकार, आमचे नव्हेत.

दुसऱ्या दिवशी जुन्या ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी पाहिली. पॉइंट काळे पडून त्यांना खळगे पडले होते. ते म्हणाले, "जुन्या कंडेन्सरचं डबडं पोकळ करतो, आत नवा बसवतो. बाहेरून कुणाला कळणार नाही." आम्ही आनंदाने होकार दिला. गाडी उत्तम चालू लागली. पुढे जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात एका तरुणाने झाकणाखाली निरखून पाहिले आणि आदराने विचारले, "काका, सगळं मूळचं आहे?" आम्ही म्हणालो, "हो, सगळं."

हा एक शब्द आम्हांला पुढे बरेच दिवस टोचत राहिला. संत थॉमस अक्वायनस असत्याचे तीन प्रकार सांगतात: विनोदाखातर बोललेले, कोणाच्या उपयोगासाठी बोललेले आणि कोणाच्या अपायासाठी बोललेले. पहिली दोन हलकी खरी, पण तीही पापेच, असे त्यांचे मत. सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे मात्र त्यांना मान्य आहे. म्हणजे जुन्या डब्यात नवा कंडेन्सर बसविण्यात आम्ही खोटे बोललो नव्हतो. दातांची कवळीही दातांसारखीच दिसते. खोटे त्या "हो" मध्ये होते. आणि ते ना विनोदाचे, ना कोणाच्या उपयोगाचे. ते आमच्या बडेजावाचे होते. त्यासाठी अक्वायनसांचा कोणता रकाना लावावा हे एखाद्या फादरांनीच सांगावे.

पण "मूळचे" म्हणजे तरी काय? प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाची गोष्ट लिहून ठेवली आहे. अथेन्सवासी त्याच्या कुजलेल्या फळ्या बदलीत राहिले आणि ते तेच जहाज की दुसरे, यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले. आपल्या समाजालाही हा प्रश्न परका नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) लॅटिन मिस्सा मराठीत होऊ लागली, तेव्हा आपले काहीतरी हिरावले गेले असे अनेक वृद्धांना वाटले असणार. त्यांना हसू नये. ज्या शब्दांत माणूस आयुष्यभर गुडघे टेकतो ते शब्द त्याच्यापुरते तरी निव्वळ वेष्टन नसतात. तरीही वेदी तीच राहिली. पॉइंट आणि ठिणगी यांचा संबंध काहीसा असाच असावा असे आम्हांला वाटते. मात्र हा दृष्टान्त फार ताणण्याची आमची इच्छा नाही, कारण मोटारसायकल ही काही मिस्सा नव्हे.

उत्तर आम्हांला वडिलांच्याच कपाटात मिळाले. गाडीच्या कागदपत्रांखाली त्यांची एक वही होती. तीत प्रत्येक दुरुस्ती तारखेसह लिहिलेली. पॉइंट किती वेळा बदलले ते आम्ही मोजणेच सोडून दिले. कंडेन्सर चार वेळा. त्यातील एक तर स्कूटरचा, "मापाचा मिळाला नाही, हा चालला" अशा शेऱ्यासह. कॉइल 1988 साली बदललेली. ज्याची आम्ही राखण करीत होतो ते वडिलांनी कधी राखलेच नव्हते. त्यांनी गाडी चालती ठेवली होती, कारण रात्री दार कोण ठोठावील याचा नेम नव्हता.

इलेक्ट्रॉनिक संचाचा वाद अजून मिटलेला नाही. बंधूंचे म्हणणे बिनतोड आहे: त्यात घासणारे पॉइंट नाहीत, जळणारे काही नाही. आमचेही अगदीच टाकाऊ नाही: पॉइंट रस्त्यात पॉलिश पेपरने साफ करता येतात, 0.4 मिलिमीटरची फट फिलर गेजने लावता येते; तो संच मात्र बिघडला की मिस्त्रीही हात वर करतो, आणि सहा व्होल्टच्या जुन्या डायनामोवर त्याचा भरवसा किती, हाही प्रश्नच. तूर्त पॉइंट ठेवले आहेत. कॉइल मात्र हल्ली फार तापते.

त्या तरुणाला आम्ही निरोप धाडला आहे की कंडेन्सर नवा आहे, आणि पाहावयाचा असल्यास रविवारी मिस्सानंतर घरी यावे. मिस्त्रींकडून पोकळ डबडे काढून घेतले. नवा कंडेन्सर आता उघडाच दिसतो, पिवळा, त्या जुन्या लोखंडात काहीसा विजोड. वहीत त्याची तारीख लिहिली आहे. वडिलांच्या अक्षराखाली आमचे अक्षर फार वाकडे दिसते.