गुंत्यात कोण राहतं?

केस विंचरायला सुरुवात शेंड्यांपासून करायची, मुळापासून नाही. वरून फणी ओढली की सगळा गुंता खाली सरकून घट्ट बसतो. खालची चार बोटं आधी मोकळी केली की वरचं आपसूक सुटत येतं. हे मला माझ्या आत्यानं शिकवलं. माझे केस जन्मजात कुरळे, शाळेत बाई मला झिपरी म्हणायच्या. आत्या माझं डोकं मांडीवर घेऊन बसायची आणि एक केस तुटू द्यायची नाही. पुढं त्याच आत्याच्या डोक्यात जट झाली, आणि तिथं तिनं कुणाला बोटही लावू दिलं नाही.

हडपसरला गाडीतळाच्या मागं एका गल्लीत माझं पार्लर आहे. दहा बाय बाराची खोली, दोन खुर्च्या, एक बेसिन. उन्हाळ्यात पाणी टँकरचं, म्हणजे कुठल्या तरी बोअरचं, जड. साबणाला फेस येत नाही आणि केसांना हात लावला की काथ्याला लावल्यासारखं वाटतं. तेवीस वर्षं झाली. पूर्वी भाजी मार्केटातल्या, मगरांच्या नि तुप्यांच्या मळ्यांवर जाणाऱ्या बायका यायच्या. आता त्याच मळ्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींतल्या मुली येतात. मागणी एकच: केस पिंजारलेत ताई, इस्त्री फिरवा.

मी इस्त्री ठेवलेली नाही. होती, विकून टाकली. ती दोनशे अंशांच्या आसपास तापते. आपण पोळीचा तवासुद्धा इतक्या निर्धास्तपणे डोक्याजवळ नेणार नाही. मुलींना मी एक हिशेब सांगते. केस महिन्याला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतो. कंबरेपर्यंत केस असतील तर शेंडा पाच-सहा वर्षांचा म्हातारा असतो. मुळाशी आहे तो गेल्या आठवड्यातला केस, आणि खाली आहे तो बारावीच्या परीक्षेतला. मधलं सगळं ऊन, पाऊस, हेल्मेट, डेंग्यू, लग्नातले स्प्रे त्यानं सोसलेलं असतं. केसाच्या अंगावर कौलांसारखे खवले असतात. शेंड्याशी ते उचकटलेले असतात, हवेतली ओल आत शिरते, केस फुगतो. डोक्याच्या कातडीतून येणारं तेल सरळ केसावरून घसरत खाली पोचतं. कुरळ्याच्या वळणावळणांत ते वरच अडकतं. म्हणून कुरळे शेंडे उपाशी राहतात. त्यांना पिंजारलेले म्हणतो आपण. खरं तर ते तहानलेले असतात.

मग काय करायचं? दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचं. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरायला लागलं की लगेच, गरम असतानाच, जुन्या मलमलीतून गाळायचं. थंड झालं की ते कापडातून उतरत नाही, मग पिळत बसा. केस ओले असतानाच शेंड्यांना हे बुळबुळीत पाणी चोळायचं, बोटाभोवती एकेक बट गुंडाळायची, पाच-सहा सैल पेड घालायचे, वर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बांधायचा आणि झोपायचं. टॉवेल नको, तो खवले आणखी उचकटतो. केसाच्या आत काही जोड असे असतात की ते पाण्यानं सुटतात आणि सुकताना पुन्हा बसतात, ज्या आकारात ठेवाल त्या आकारात. इस्त्री हेच काम दोन मिनिटांत करते, भाजून. पाणी रात्रभर घेतं. औषध लावून केस कायमचे सरळ किंवा लाटांचे करतात, तेव्हा गंधकाचे पक्के जोड तोडतात. पण नवा केस मुळातून येतो तो पुन्हा कुरळाच. डोकं आपलं म्हणणं सोडत नाही.

एकदा खुर्चीतली मुलगी म्हणाली, “पण ताई, देवानं असेच दिलेत, तर मग बदलायचे कशाला?” ती सहज बोलून गेली. मला मात्र आत्या आठवली.

आत्याचे यजमान गेले, त्याच पावसाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. दीड-दोन महिने ती अंथरुणावर. डोक्याला ना तेल, ना पाणी. माणसाचे रोज पन्नास-शंभर केस गळतातच. विंचरलं की ते निघून जातात. विंचरलं नाही की गळलेले केस जित्या केसांत अडकतात, घाम आणि धूळ त्यांना सांधते, आणि महिन्या-दोन महिन्यांत दोरखंड तयार होतो. हे मला आज सांगता येतं. तेव्हा शेजारणीनं सांगितलं, यल्लम्मा आली. मग हळदकुंकू, मंगळवार-शुक्रवार भंडारा, सौंदत्तीची वारी. कापलीस तर घरावर कोप होईल.

एक गोष्ट मात्र मी प्रामाणिकपणे लिहायला हवी, कारण जटेवर बोलणारे पुष्कळदा ती वगळतात. जट आल्यावर आत्याची सासू तिच्या पाया पडायला लागली. जी बाई तिला पांढऱ्या पायाची म्हणत होती तीच. दीर आवाज चढवेना. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात आत्याला आधी ताट वाढलं गेलं. मान दुखायची, ओलं ओझं पावसाळाभर वाळायचं नाही, उवांनी डोक्यात जखमा झालेल्या, कुशीवर झोपता येत नव्हतं. पण माणसं तिला भीत होती. आता यातलं काय काढून घ्यायचं आणि काय ठेवायचं, सांगा.

हा काही आपल्याच मातीतला प्रकार नाही. युरोपातल्या डॉक्टरांनी याला पोलंडचं नाव देऊन ठेवलं होतं, प्लायका पोलोनिका. तिथल्या खेड्यांतही लोक म्हणायचे, गुंता अंगातला आजार बाहेर ओढून घेतो, कापला तर माणूस आंधळा होईल. एकोणिसाव्या शतकात क्राकोवच्या युझेफ डिएटल नावाच्या डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. देवी नव्हती, भंडारा नव्हता, भीती मात्र तीच. हे वाचल्यावर मला जरा मोकळं वाटलं. म्हणजे आपण काही खास खुळे नाही.

पुण्यात हे काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव करतात. त्यांनी शेकडो बायकांच्या जटा काढल्यात. त्याही मूळच्या आमच्याच, ब्युटी पार्लरच्या धंद्यातल्या, याचा मला उगाच अभिमान वाटतो. कात्री सोपी असते. त्याआधीच्या घरातल्या बैठका अवघड, कधी महिनोन्‌महिने चालतात. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी याच समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या, तेव्हा मी पार्लर उघडत होते. त्या दिवशी आत्याच्या डोक्यात जट होती आणि तिला सांगायचा धीर माझ्यात नव्हता. तो यायला आणखी तीन वर्षं गेली.

आत्या तयार झाली ती माझ्या बोलण्यानं नव्हे, मानेच्या दुखण्यानं. डॉक्टर म्हणाले, हे वजन उतरवा. मी तिला पार्लरात आणलं, शटर अर्धं खाली ओढलं. फणीचा प्रश्नच नव्हता. गुंता तेलानं सुटतो, जट सुटत नाही, हा फरक हाताला कळतो: गुंत्यात बोट शिरतं, जटेत सुईसुद्धा शिरत नाही. मुळाशी दोन बोटं जागा ठेवून मी कात्री चालवली. ओल्या सुंभावर चालावी तसा आवाज. खाली पडली तेव्हा धप्प झालं. आत्यानं मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. मग मानेवरून हात फिरवत, अगदी साध्या आवाजात, घर बदलणाऱ्या भाडेकरूची चौकशी करावी तसं विचारलं, “आता आई कुठं राहतील गं?”

मला उत्तर आलं नाही. “देवी तिथं नव्हतीच” हे तोंडावर होतं. पण ज्या देवीनं तिला घरात पहिलं ताट मिळवून दिलं, ती नव्हतीच असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? तीही हट्टानं म्हणाली, “शंकराच्या जटेत गंगा आहेच की.” त्याचंही उत्तर मला दोन वर्षांनी, एका कीर्तनात बसले असताना सुचलं. गंगा जटेत राहायला आली नव्हती, अडकली होती! भगीरथाला तिच्यासाठी पुन्हा तप करावं लागलं, तेव्हा शंकरानं तिला सोडली, आणि सुटली तेव्हा कुठं ती कुणाच्या उपयोगी पडली. पण तोवर आत्या गेली होती.

माझे वडील माळकरी. त्यांच्या देवाचं केसांशी नातं निराळंच आहे. जनाबाईची कथा आपल्याकडं पोराबाळांना ठाऊक असते. दळणकांडणानं थकलेल्या जनीचं डोकं विठ्ठल मांडीवर घेतो, उवा काढतो, वेणी घालतो. सेना न्हावी पूजेत गुंतले तर हाच देव त्यांची धोकटी काखेला मारून राजाच्या हजामतीला जातो. दोन्ही ठिकाणी देवाच्या हातात आमची हत्यारं. लहानपणी मला हे गोड वाटायचं. आता वाटतं, त्यात चांगला सणसणीत वादविवाद दडलाय. गुंत्यात बसणारा देव आणि गुंता सोडवायला बसणारा देव, यांतला कोणता मानायचा? एक गिऱ्हाईक आहे माझी, दर रविवारी विहारात जाते. तिनं सांगितलं की बुद्धाला एका देवतेनं हेच विचारलं होतं: आत गुंता, बाहेर गुंता, सगळी प्रजा गुंतलेली, हा सोडवणार कोण? त्यावर बुद्धघोषानं पाचव्या शतकात श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा अख्खा ग्रंथ रचला. पाली भाषेत गुंत्याला शब्दच जटा आहे म्हणे. मी आरशातून तिच्याकडं बघतच राहिले.

धर्माच्या नावानं बायकांचे केस वाढवले गेले आणि धर्माच्याच नावानं भादरलेही गेले. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं सभेत ठरवलं. वस्तरा खाली ठेवणं हेही धर्मकृत्य असू शकतं, हे त्यांना कळलं होतं. बाईला विचारलं होतं का, एवढाच प्रश्न मी दोन्हीकडं विचारते. खुर्चीतल्या त्या मुलीलाही मी शेवटी तेच विचारलं: सरळ केस तुला हवेत की ऑफिसला? ती हसली, आणि जवसाचं पाणी घेऊन गेली.

आषाढीच्या आधी दोन्ही पालख्या पुण्याहून निघून हडपसरला येतात. इथून तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडं जातात, माउली दिवे घाटाकडं वळतात. त्या दिवशी गाडीतळावर कुणी पाय चेपतं, कुणी चपला शिवतं, नाभिक मंडळी फुकट दाढ्या करतात. मी फूटपाथवर दोन स्टुलं टाकते, खोबरेल आणि मोठ्या दातांच्या फण्या घेऊन बसते. मागच्या साली एक म्हातारी आली, तिकडं परभणीकडची. हवा दमट, केस जोंधळ्याच्या कणसासारखे उभे. शेंड्यांपासून सुरू केलं. उजव्या कानामागं हाताला अंगठ्याएवढी गाठ लागली. बोट अजून आत शिरत होतं.

“ऱ्हाऊ दे माय,” ती म्हणाली, “ती देवीची हाय.”

“मग देवीलाच विचारून बघू,” मी म्हटलं. “ओढायची नाही. सुटली तर सुटली.”

ती गप्प बसली. मी तेल मुरू दिलं, फणीचा एकच दात घालून खालून एकेक केस वेगळा करत राहिले. अर्धी सुटली असेल नसेल, तेवढ्यात टाळ वाजले, तिची दिंडी हलली, विणेकऱ्याच्या मागं बायका पळायला लागल्या. म्हातारी उठली. गाठ चाचपली, माझ्याकडं बघितलं, काही बोलली नाही. माझ्या हातातली फणी घेतली, पदराच्या टोकाला बांधली, आणि गर्दीत घाटाकडं निघाली.