शिंगे शेवटी

अलास्कात मूस मारणाऱ्या शिकाऱ्याला कायद्याने एक क्रम घालून दिला आहे: आधी मांस, मग शिंगे. मान, छाती, बरगड्या, पुढचे-मागचे फरे, पाठीच्या कण्यालगतचे मांस, असे खाण्याजोगे सगळे रानातून बाहेर काढायचे. भिंतीवर मिरवायची शिंगे मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतरच हलवायची. मांस सडू दिले तर तो गुन्हा ठरतो आणि त्यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो. मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. सातशे किलोच्या नरापासून सव्वादोनशे किलोंच्या आसपास मांस निघते आणि ते अनेकदा पाठीवर घेऊन, दलदल तुडवत न्यावे लागते. असा कायदा करावा लागतो, कारण मारण्याची हौस पुष्कळांना असते आणि मागच्या कामाची फार थोड्यांना. शिकारीची नीती या मागच्या कामावरच जोखली पाहिजे, असे मला वाटते.

जनावर पडल्यावर मांसाचा पहिला शत्रू म्हणजे त्याच्याच अंगातली ऊब. जाड कातडे आणि दाट केस ती आत कोंडून धरतात आणि आतड्यांतले जंतू वाढत राहतात. म्हणून पोट तिथल्या तिथेच उघडावे लागते. सुरीची धार वर ठेवून, टोक दोन बोटांच्या मध्ये धरून, कातडे आणि खालचा पडदा तेवढा चिरायचा. कोथळ्याला किंवा मूत्राशयाला टोक लागले की आतली घाण मांसावर सांडते. मग श्वासपटल कापून, श्वासनलिका सोडवून सगळा कोठा एकदम बाहेर ओढायचा. हृदय आणि यकृत बाजूला ठेवायचे, कातडे उतरवायचे, फरे सुटे करून हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत सावलीला टांगायचे. या कामाला घाई हवी आणि हात हलकाही हवा. जाणत्या माणसाशेजारी बसूनच ते शिकता येते.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या ब्लॅकफूट, लाकोटा अशा लोकांनी बायसनचा कणही वाया घालवला नाही, असे मोठ्या भक्तिभावाने सांगितले जाते. त्यांनी केलेले उपयोग थक्क करणारेच आहेत. कातड्याचे तंबू, पाठीतल्या कंडरांचा दोरा, शिंगांचे चमचे, हाडांची हत्यारे, जठराची पाण्याची पिशवी, वाळल्या शेणाचे सरपण. कातडे कमवायला त्याच जनावराचा मेंदू चोळत. मांसाच्या पट्ट्या वाळवून, कुटून, त्यांत चरबी आणि रानफळे घालून केलेले पेमिकन महिनोन्‌महिने टिके. पण ही यादी सांगताना तिच्यामागचे हात विसरले जातात. खरवडणे, कमवणे, वाळवणे, शिवणे हे बहुतेक काम स्त्रियांचे होते आणि एकेका कातड्यामागे त्यांचे कित्येक दिवस जात.

हात अपुरे पडले की काय होते, याची नोंदही जमिनीत आहे. पूर्व कोलोरॅडोतल्या ओल्सेन-चबक या ठिकाणी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शिकाऱ्यांनी बायसनचा कळप एका अरुंद घळीत पिटाळला. जो बेन व्हीट यांच्या उत्खननात तिथे सुमारे १९० जनावरांचे अवशेष मिळाले. वरच्या जनावरांची फोड अतिशय पद्धतशीर होती. तळाशी चेंगरलेली कित्येक मात्र तशीच राहिली होती. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात हेड-स्मॅश्ड-इन नावाचा कडा आहे. १९८१ साली तो जागतिक वारसा ठरला. तिथूनही हजारो वर्षे कळप खाली लोटले जात, आणि किती जनावरे पडतील हे कोणाच्या हातात नसे. यामुळे त्या लोकांचे मोल कमी होत नाही. पूर्ण उपयोग हा एखाद्या वंशाचा जन्मजात सद्गुण मानणे, हीच मुळात चूक आहे. मारले किती आणि काम करणारे किती, या मेळावर तो अवलंबून असतो.

१८७० च्या दशकात हा मेळ पार मोडला. बायसनचे कातडे यंत्रांच्या पट्ट्यांसाठी कमवण्याची रीत सापडली होती आणि रेल्वे मैदानांत पोचली होती. व्यापारी शिकारी कातडे सोलून घेत आणि धड तिथेच टाकून पुढे जात. काही वर्षांनी तीच हाडे खतासाठी आणि साखर शुद्ध करण्यासाठी गाड्या भरभरून नेली गेली. कोणी म्हणेल, कातडेही वापरले, हाडेही वापरली, मग वाया काय गेले? वाया गेले ते ज्यांचे जगणे त्यावर चालत होते त्यांचे अन्न. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे यांनी १८८९ साली मोजदाद मांडली तेव्हा कोट्यवधींतले हजाराच्या आसपास बायसन उरले होते. कोणता भाग वापरला याइतकेच तो कोणाच्या पोटी गेला, हेही विचारावे लागते.

आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. पण मोठे जनावर पूर्ण कामी आणण्याची विद्या गावगाड्यात होतीच. मेलेले जनावर महारांनी ओढायचे, कातडे ढोर समाजाने कमवायचे, चांभारांनी त्याची मोट आणि वहाणा शिवायच्या. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या अडीअडचणीला पुरत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात ही खाद्यसंस्कृती नोंदवून ठेवली आहे. टिकाऊ अन्नाचे हे ज्ञान पेमिकनच्या तोडीचे आहे. तरी गावाने मोट वापरली, वहाणा घातल्या आणि ज्यांच्या हातून त्या आल्या त्यांना विटाळ चिकटवला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते या सक्तीतून बाहेर पडण्यासाठी. परंपरागत ज्ञान हरवल्याची हळहळ आज जे करतात, त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे. अपमानाने लादलेले कौशल्य जपण्याचे ऋण कोणाच्याही डोक्यावर नसते.

मुळात मारूच नये, ही भूमिका प्रामाणिक आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. परंतु जे मांस खातात, चामडे वापरतात, त्यांचा प्रश्न तिने सुटत नाही. अलास्काच्या नियमातले शहाणपण असे की मारणाऱ्याला ओझ्याची जबाबदारी सोडता येत नाही. कत्तलखान्यात, टॅनरीत, चामड्याच्या कारखान्यात आपण हे ओझे दुसऱ्यांवर टाकतो. त्यांना पुरेशी मजुरी देत नाही आणि शेजारी घरही देत नाही. अशा समाजाने शेपटापासून शिंगापर्यंत सारे वापरले, तरी तो उधळाच. जनावराच्या जिवाची किंमत ओळखण्याची सुरुवात ते कापणाऱ्या, सोलणाऱ्या, कमवणाऱ्या माणसाच्या किमतीपासून होते. ज्याची हे काम करण्याची तयारी नाही आणि ते करणाऱ्याच्या पंगतीला बसण्याचीही नाही, त्याने त्या जनावरावर हक्क सांगू नये.