एका रात्रीचा श्रोता

प्रवासाचीं साधनें जसजशीं वाढलीं, तसतसा मुक्काम आंखूड होत गेला, हें कोणीहि मान्य करील. पूर्वीं ज्या गांवीं पोहोंचावयास चार दिवस लागत, तेथें माणूस चार आठवडे राही. आज चार तासांत पोहोंचतां येतें, म्हणून एका रात्रींत तेथून निघतांहि येतें. देवळें, वाडे, तलाव यांच्या बाबतींत या घाईनें फारसें बिघडत नाहीं; तीं आहेत तेथेंच राहतात आणि पुन्हां पाहतां येतात. पण ज्या शहराची कीर्ति गाण्यावर उभी आहे, तेथें एक रात्र राहून निघालेल्या मनुष्यास ‘आम्हीं हें शहर ऐकलें’ असें म्हणण्याचा अधिकार येतो काय? आणि तो येत नसेल, तर त्यानें तेथें कानांवर पडलेल्या सुरांचें काय करावें? प्रश्न वरवर रसिकतेचा दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे.

कोल्हापूर हें या प्रश्नाचें उत्तम उदाहरण होय. 1891 सालीं मिरजेहून रेल्वे येथें आली आणि येथेंच थांबली; पुढें कोंकणांत उतरावयाचें, तर घाटरस्ता धरावा लागतो. त्यामुळें रात्रीपुरता उतरणारा पाहुणा या गांवास नवा नाहीं. सकाळीं अंबाबाईचें दर्शन, दुपारीं तांबडा-पांढरा रस्सा, आणि दैवानें साथ दिली तर संध्याकाळीं देवल क्लबांत एखादी बैठक, एवढें पदरीं पाडून तो दुसऱ्या दिवशीं मार्गस्थ होतो. लोक या शहरास कौतुकानें ‘कलापूर’ म्हणतात, आणि तें नांव पाहुण्याच्याहि तोंडीं लगेच बसतें.

या पाहुण्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, गाणें ही विद्या आहे; जेथें शिकणाऱ्याचीं वर्षें जातात, तेथें ऐकणाऱ्याची एक रात्र म्हणजे निव्वळ करमणूक. दुसरा पक्ष म्हणतो, सुरास भाषा नाहीं, प्रांत नाहीं. ज्याला कान आहेत त्याला अधिकार आहे. दोन्हीं मतें ऐकतांना पटतात, म्हणूनच तीं तपासून पाहिलीं पाहिजेत.

कोल्हापूरच्याच गायकीचें उदाहरण घेऊं. राजर्षि शाहू महाराजांच्या पदरीं असलेल्या अल्लादिया खांसाहेबांनीं (1855–1946) जी गायकी वाढविली, तिचें एक वैशिष्ट्य म्हणजे जोडराग. बसंती केदार गातांना गवई एका रागांतून दुसऱ्यांत असा उतरतो, कीं सांधा कोठें झाला हें दिसूं नये. आतां ज्याच्या मनांत बसंत आणि केदार हे निरनिराळे असे कधीं ठसलेच नाहींत, त्याला हा सांधा लपविण्याचें कौशल्य कसें कळावें? दोन्हीं नद्या ज्याला ठाऊक असतात, त्यालाच संगमाचें पाणी ओळखतां येतें. एवढ्यापुरता पहिला पक्ष बरोबर आहे. परंतु त्याच बैठकींत नवख्यालाहि एक गोष्ट निःसंशय कळते. गवई समेवर येतो, त्या क्षणीं साऱ्या सभेच्या माना एकदम डोलतात, आणि आपलीहि मान त्यांत नकळत मिसळते. हें ज्ञान नव्हे. पण ही लटकी गोष्टहि नव्हे. एवढ्यापुरता दुसरा पक्ष बरोबर आहे. तात्पर्य, एका रात्रींत आनंद मिळूं शकतो, पारख येऊं शकत नाहीं. घोटाळा होतो तो आनंद झाला म्हणून लगेच निकाल देऊं लागण्यानें.

मात्र केवळ मुक्कामाच्या दिवसांवरून अधिकार मोजूं लागलों, तर खुद्द या भागाचा इतिहासच आड येतो. अल्लादिया खांसाहेब या मातींतले नव्हत. ते राजस्थानांतील उणियाऱ्याचे. पुढें मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खां (1872–1937) उत्तरेंतील किराण्याचे. केसरबाई केरकर (1892–1977) गोव्यांतील केरीच्या. वयाच्या आठव्या वर्षीं त्या घरच्या माणसांबरोबर कोल्हापुरास आल्या, आठ महिने अब्दुल करीम खांसाहेबांजवळ शिकल्या, आणि गोव्यास परतल्या. विद्येच्या हिशेबानें आठ महिने म्हणजे धर्मशाळेंतला मुक्कामच. पण तो व्यर्थ गेला असें कोण म्हणेल? तेवढ्यानें आपलें पुरें झालें असें मात्र केसरबाईंनीं मानलें नाहीं. तिशीच्या उंबरठ्यावर असतांना, 1921 मध्यें, त्यांनीं अल्लादिया खांसाहेबांची तालीम धरिली आणि वर्षानुवर्षें सोडली नाहीं. थोडा काळ राहणें हा दोष नव्हे. थोडक्यांत सर्व मिळालें असें समजणें हा दोष होय.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. एका रात्रींत आपण जें ऐकतों, तें त्या रात्रीं निर्माण झालेलें नसतें. दरबारानें गवयांस आश्रय दिला. 1922 मध्यें महाराज निवर्तले आणि पुढें खांसाहेब मुंबईस गेले. तरी त्यांचे चिरंजीव भुर्जी खां यांनीं कोल्हापुरांत राहून शिष्य तयार केले. 1915 मध्यें उभें राहिलेलें पॅलेस थिएटर पुढें केशवराव भोसले यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्रीं तें आगींत सांपडलें, आणि दुसराच दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. ही वार्ता परगांवच्या मनुष्यानें वर्तमानपत्रांत वाचून बाजूस ठेवली असेल. गांवास तशी ठेवतां येत नाहीं. त्याला पुन्हां बांधकामास लागावें लागतें. पाहुण्याचें जें एका संध्याकाळचें सुख, तें गांवकऱ्याचें अनेक वर्षांचें ओझें असतें: जागा राखणें, शिकणाऱ्यास सांभाळणें, श्रोते थोडे आले तरी बैठक मोडूं न देणें. तिकिटाचे पैसे टाकले म्हणजे हें ऋण फिटलें असें म्हणणें, तांब्याभर पाण्याचें मोल देऊन विहिरीवर हक्क सांगण्यासारखें आहे.

हा हक्काचा भ्रम कसा प्रकट होतो, तें बैठकींत सहज दिसतें. भैरवी ही मैफलीच्या शेवटीं गावयाची, असा परिपाठ आहे. परंतु गाडीची वेळ जवळ आलेल्या पाहुण्यास वाटतें कीं, भैरवी आधींच झाली तर काय बिघडलें? बिघडतें तें एवढेंच कीं, जी गोष्ट सर्वांनीं मिळून क्रमाक्रमानें गांठावयाची, ती एकाच्या घड्याळासाठीं तोडली जाते. अशा वेळीं मागणी न करतां, जेवढें पदरीं पडलें तेवढें घेऊन हलक्या पावलीं उठून जाणें, यांत रसिकताहि आहे आणि सभ्यताहि आहे. भैरवी राहून गेली, ही खंत बरोबर नेण्यासारखी आहे.

याचा अर्थ पाहुण्यानें नुसतें अपराध्यासारखें बसावें, असा नव्हे. तोहि कांहीं देऊन जातो. अतिपरिचयानें गांवकऱ्याचा कान बोथट होतो. घराशेजारीं रोज चालणारा रियाज त्याला रस्त्यावरच्या गलबल्यासारखा वाटूं लागतो. अशा वेळीं कोणी अनोळखी मनुष्य खिडकीखालीं थबकून ऐकत राहिला, तर आपल्याजवळ काय आहे, याची गांवास नव्यानें आठवण होते. ही लहान सेवा नव्हे. आणि ती थबकणाऱ्यालाच साधते, धांवणाऱ्यास नव्हे.

केसरबाईंनीं गायिलेली तीन-साडेतीन मिनिटांची एक भैरवी 1977 मध्यें व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेंत घालून अंतराळांत पाठविण्यांत आली. त्याच वर्षीं बाई निवर्तल्या. ती तबकडी कधीं कोणाच्या हातीं लागलीच, तर त्या श्रोत्यास ना राग ठाऊक असेल, ना गुरु, ना कोल्हापुरांतले ते आठ महिने. इतका अनधिकारी श्रोता दुसरा कोणी नसेल. तरी गाणें पाठविणाऱ्यांनीं त्याच्यासाठीं ठेवलें. कोल्हापूरहि आपल्या पाहुण्याशीं असेंच वागतें. देणारा अधिकार विचारीत नाहीं, म्हणूनच घेणाऱ्यानें तो स्वतःस विचारावयाचा असतो. उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तरी संकोच न बाळगतां ऐकावें. शहराविषयींचा अभिप्राय मात्र घरीं नेऊं नये. न्यावयाचें तें एखाद्या रागाचें नांव, आणि तो पुन्हां नीट ऐकण्याची इच्छा.