दोन तोडे खड्ड्यात



आजचा श्लोक गीतेच्या सतराव्या अध्यायातला पंधरावा. वाणीचं तप. बोलणं कसं असावं ते भगवंत सांगतात: समोरच्याला उद्विग्न न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. चारही एकाच वेळी. माझं इंजिनिअर डोकं इथेच अडतं, कारण या चारही अटींत बसेल असं वाक्य माझ्या तोंडून दिवसातून एखादंच निघत असेल. मे महिन्यात मी एक वाक्य बोलले, ते तीन अटींत बसलं आणि चौथीत नाही. तेच आज लिहून टाकते.

सासवडजवळ मामाचं दोन एकर बागायत रान आहे. वर्क फ्रॉम होम घेऊन तीन आठवडे तिथे राहिले. उन्हाळ्यात शेतावरचं काम पहाटेच उरकावं लागतं. साडेपाचला भेंडीचा तोडा, हातात मोजे, नाहीतर दिवसभर खाज. नऊनंतर ऊन उभं राहू देत नाही. थ्री-फेज लाइटची पाळी रात्रीची असली की मामा मध्यरात्री विहिरीवर. विहिरीने तळ गाठलेला, त्यामुळे ठिबक असूनही आज पाणी गवारीला की भेंडीला, हे रोज ठरवायचं. रविवारी मेथी-कोथिंबीर ओल्या गोणपाटात गुंडाळून टेम्पोने दिवे घाट उतरायचा आणि हडपसरला एका सोसायटीच्या गेटवर दहापर्यंत विकायचं. चाळीसेक घरं ठरलेली. मार्केट यार्डात भाव दुसरा कुणी ठरवतो, इथे मामी ठरवते.

तेव्हा भेंडीवर तुडतुडे आणि पांढरी माशी आली होती. निंबोळी अर्काने आटोक्यात येईना, म्हणून मामाने एकदा औषध मारलं. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. या बाटलीवर पाच दिवस होते. पण भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. नाही तोडली तर जून होते, आणि झाडाचा जोर त्या जून शेंगांतच जातो. म्हणजे पाच दिवस थांबायचं तर दोन तोडे तोडायचे आणि फेकायचे. मामाने तेच केलं. चार क्रेट माल. गुरांनाही घातला नाही. बांधापलीकडे खड्डा काढला, मी क्रेट ओतले, आणि माती लोटण्याआधी मामाने त्या भेंडीला हात जोडले. माळकरी माणूस. खोपटात सावता महाराजांची तसबीर आहे, रोज तिच्याखाली बसून चहा पितो. मळ्यातच विठ्ठल पाहिला ही गोष्ट मला लहानपणापासून गोड वाटत आलेली. त्या खड्ड्याशी उभं राहून तेवढी गोड वाटली नाही.

रविवारी गेटवर एक ताई आल्या, कडेवर बाळ. "औषध मारलेलं नाही ना हो? याला आता वरचं सुरू केलंय." मी पटकन म्हणाले, "छे, आम्ही काहीच मारत नाही." त्यांनी एक किलो घेतली, ग्रुपवर टाकलं, नऊच्या आत भेंडी संपली.

मामा शेजारीच वजन करत होता. तेव्हा काही बोलला नाही. परतताना घाट चढताना म्हणाला, "आगं, दोन तोडं पुरलं ते सांगायचं सोडून तू मारलंच नाय म्हणलीस. मग पुरलं कशाला मी?"

मी मनात वाद घातला. भेंडी सुरक्षित होती. बाळाला अपाय नाही. ताई खूश. उद्वेग नाही, प्रिय आहे, हिताचंही आहे. चारातल्या तीन टेस्ट पास. पण हित माझ्या वाक्यातून आलंच नव्हतं, ते त्या खड्ड्यातून आलं होतं, आणि माझ्या वाक्याने तो खड्डाच पुसून टाकला. शिवाय बाळाला काय द्यायचं हे त्या ताईंनी ठरवायचं होतं. ते मीच परस्पर ठरवून टाकलं. (आम्ही रिलीज नोटमध्ये 'मायनर फिक्सेस' लिहितो, त्यातलाच प्रकार. तिथे मला कधी टोचलं नाही, हेही खरं.)

मामीचं म्हणणं वेगळं. "तिथले सगळे ऑरगॅनिकच म्हणत्यात. तू सांग खरं, आन् भेंडी परत घेऊन ये." जूनमध्ये मामेभावाची फी भरायची होती. माझा पगार महिनाअखेर येतोच, त्यामुळे मला सत्य परवडतं. मामीचा हा मुद्दा मला अजूनही खोडता येत नाही.

पुढच्या रविवारी त्या ताईंना सगळं सांगितलं. कधी मारलं, किती पुरलं, कधी तोडलं. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?" गवार आणि मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, भेंडी नाही. मामाच्या सांगण्यावरून ग्रुपवरही तारखांसकट टाकलं. अर्धा क्रेट भेंडी परत आली. मामीने ती चिरून उन्हात वाळत घातली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

आता टेबलावर पुठ्ठ्याची पाटी असते. कोणत्या भाजीवर काय मारलं, कधी मारलं, कधी तोडली. काही जण वाचून घेतात, काही वाचून पुढच्या टेबलाकडे जातात.

काल मामेभाऊ पुण्यात आला, त्याच्याबरोबर मामीने त्याच वाळवलेल्या भेंडीची पिशवी पाठवली. रात्री तेलात परतून, तिखट-मीठ टाकून खाल्ली.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप.

राम कृष्ण हरी.