जामिनावर मिळणारं मत

बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा मत कुणाला होतं? सारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला. ज्याच्या नावावर काही नाही त्याला मतही नाही. संविधानानं ही अट मोडली. मी म्हणतो, तुरुंगाच्या दारात ती अजून उभी हाय.

1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम 62, पोटकलम 5. तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्यानं मत द्यायचं नाही. शिक्षा झालेला असो की कच्चा कैदी. (या कलमात काळ्या पाण्याचा उल्लेख अजून आहे. ती शिक्षा 1956 लाच गेली. शब्द पुसायला कुणाला सवड नाही.)

आता आपल्या मोहन्यातली दोन पोरं धरा. एकच भांडण, एकच कलम. एकाच्या बापानं जामीनदार उभा केला. दुसऱ्याचा बाप 2009 ला रेयॉन कंपनी बंद पडल्यापासून नाक्यावर, त्याच्यासाठी कोण सातबारा घेऊन कोर्टात जाणार? मतदानाच्या दिवशी पहिल्याच्या बोटाला शाई, दुसरा आधारवाडीच्या भिंतीआड. गुन्हा दोघांवरही शाबीत नाही. मग फरक कशाचा? मालमत्तेचा. दुसरा कशाचाच नाय.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यातली 4 लाख 34 हजार कच्चे कैदी.

आपले कवी, 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे. माओवादी संबंधाच्या आरोपावरून 2011 ला अटक, मे 2014 ला निर्दोष. लोकसभेचं मतदान एप्रिलमध्येच उरकलं होतं. निर्दोष माणसाचं ते मत कुणी परत केलं? जून 2018 ला एल्गार प्रकरणात पुन्हा अटक, जामीन जानेवारी 2025 ला. मधे दोन लोकसभा, दोन विधानसभा होऊन गेल्या आणि खटला सुरूसुद्धा झाला नव्हता.

सुप्रीम कोर्टानं 1997 ला हे कलम कायम ठेवलं. म्हणे, जास्तीचे पोलीस कुठनं आणायचे, आणि माणूस आपल्याच करणीनं आत जातो. पण प्रतिबंधक स्थानबद्धाला त्याच तुरुंगात पोस्टानं मतपत्रिका मिळते. टपाल तर तेच ना? आणि 2013 च्या दुरुस्तीनंतर आतला माणूस निवडणूक लढवू शकतो. 2019 ला गंगाखेडात रत्नाकर गुट्टे तुरुंगातून आमदार झाले. लढायला चालतं, मत द्यायला चालत नाही!

एक साथी मला म्हणाला, मग खैरलांजीच्या मारेकऱ्यांनाही मत द्यायचं काय? प्रश्न घशात अडकतो. पण माझं उत्तर हो असंच आहे. त्यांना कोंडा, कायद्यानं असेल तितकं कोंडा. मत म्हणजे चांगल्या चालीचा दाखला नव्हे. तसा दाखला मागायला लागलो तर देणारा कोण असेल? 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. पारध्यांना विचारा. तो कायदा गेला 1952 ला, पोलिसाची नजर गेली काय?

निदान कच्च्या कैद्यांना टपालाची मतपत्रिका, एवढी मागणी आपल्या पत्रकात या वर्षी आली पाहिजे. आणि हातातलं एक काम: आत असलेल्याचं नाव मतदार यादीतून कटत नाही, हे 2013 च्या दुरुस्तीत लिहिलेलं आहे. तेव्हा वस्तीतली यादी काढा, आत असलेल्या पोरांची नावं शोधा. जी गेली असतील त्यांच्यासाठी अर्ज भरायला बसू.